हेरिंगच्या हंगामातले मत

“अगं, सुरीकडे बघ! मुंडकं मासळीचं उडवायचंय, तुझ्या अंगठ्याचं नाही!” फेरिबी मावशी ओरडली.

झिल्फाने हात मिठाच्या पाण्यातून वर काढला. अंगठा चांगलाच कापला होता, आणि चुरचुर सुरू झाली ती आता, रक्त दिसल्यावर. तिने ॲप्रनची एक पट्टी फाडून अंगठ्याला गुंडाळली, दातांनी गाठ मारली आणि पुढची मासळी उचलली. डोळे मात्र पुन्हा तिकडेच गेले, किनाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पिंपांच्या छपराकडे. आतून लाकडी मोगरीचा आवाज येत होता. ठक् ठक्, ठक् ठक्. जोवर तो आवाज येत होता तोवर आयसम तिथे होता, आणि जोवर तो तिथे होता तोवर तो मत द्यायला कचेरीच्या गावाला गेलेला नव्हता.

एप्रिल महिना होता. समुद्रातून हेरिंग मासळी चोवान नदीत चढते ती याच दिवसांत. मग सहा आठवडे किनाऱ्यावर कुणाला पोटभर झोप मिळत नाही. होड्या नदीत लांबलचक रापण टाकून येत, खेचरे गोल फिरून तिचे दोर ओढून घेत आणि जाळे वाळूवर आले की कमरेइतका रुपेरी ढीग लागे. पुरुष ओढायचे, बायका लांब टेबलांशी उभ्या राहून मुंडकी छाटायच्या, आतडी काढायच्या, मासळी खारवायच्या. ती आयसमच्या पिंपांत भरून गलबतांवर चढे. किनारा हार्डिसनचा, रापण हार्डिसनची, किनाऱ्यामागच्या झोपड्याही हार्डिसनच्या. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही माणसेही हार्डिसनचीच होती. आता नव्हती. आता तो शनिवारी मजुरी देई. तरी पाठ सरळ करण्याआधी त्याचा घोडा कुठे आहे हे बघण्याची सवय कुणाची गेली नव्हती.

मतदान तीन दिवस चालणार होते, मंगळवार ते गुरुवार. सोमवारी संध्याकाळी हार्डिसन घोड्यावरूनच बोलला होता. आवाज चढवला नव्हता. तो कधीच चढवत नसे.

“कायद्याने मला कुणाला अडवता येत नाही, आणि मी अडवणारही नाही. पण मासळी काही तुमच्या मतासाठी थांबून राहत नाही. या तीन दिवसांत जो किनारा सोडेल त्याने परत येऊ नये. आणि झोपड्या या किनाऱ्यावर राबणाऱ्यांसाठी आहेत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

पुरुषांनी टोप्या काढून “होय साहेब” म्हटले होते. त्यांत आयसमही होता.

“माझ्या दोन्ही पोरांना मी सांगून ठेवलंय,” फेरिबी मावशी म्हणत होती. तिने सत्तरी ओलांडली होती, पण सुरी अजून सगळ्यांच्या पुढे चाले. “गुरुवारच्या आत जाऊन आला नाहीत तर माझ्या चुलीवर तुमची भाकरी नाही. धाकटा म्हणतो, आई, हार्डिसन घर काढून घेईल. म्हटलं, घर? त्या खुराड्याला घर म्हणतोस? कोंबडीला नेऊन दाखव, तीही नाक मुरडेल.”

टेबलाभोवती हशा पिकला. समोरची एक नवी लग्न झालेली पोरगी म्हणाली, “मावशी, पोरांची भाकरी बंद केलीस ते ठीक. ज्यांना नवरा आहे त्यांनी काय बंद करायचं?”

“ते मी सांगू? सहा महिने झाले लग्नाला, आणि आपलं हत्यार कुठलं ते अजून उमगलं नाही?”

पुन्हा हशा. झिल्फा हसली नाही. मावशीने तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिले आणि आवाज खाली आणला. “त्याचं काय ठरलंय?”

“तो काही ठरवत नाही. तो पिंपं करतो.”

झिल्फाची दोन मुले युद्धाआधीच विकली गेली होती, एक रिचमंडला, दुसरे कुठे ते तिला कुणी सांगितले नाही. टेम्पी पोटात असताना तिचा बाप हिलियर्ड यालाही अलाबामाच्या दलालाने नेले. टेम्पी तेवढी राहिली. सुटका झाली, माणसे ज्याच्या त्याच्या शोधात निघाली, तेव्हा शेजारच्या मळ्यातला पिंपे करणारा आयसम झिल्फाकडे आला. मोजके बोलणारा, हाताचा सफाईदार माणूस. दोघांनी रीतसर लग्न लावून घेतले. टेम्पी तेव्हा दहा वर्षांची होती. ती त्याला ‘मिस्टर आयसम’ म्हणे, आणि तोही मान झुकवून ‘येस, मिस टेम्पी’ म्हणे. तिला हसू आवरत नसे.

दीड वर्षापूर्वी, हिवाळ्याच्या तोंडाशी, एके दिवशी झिल्फा कामावरून आली तो झोपडीत मुलगी नाही. कोर्टाने तिला अनाथ ठरवून हार्डिसनच्या घरी कामाला बांधून दिले होते, एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत. आजूबाजूच्या कितीतरी घरांतून अशी मुले गेली होती. गुलामी गेली, पण पोरांच्या पायाला हा नवा दोर आला, असे लोक म्हणत.

झिल्फा आणि आयसम कचेरीत गेले. न्यायाधीश म्हातारा होता. दर रविवारी हार्डिसनच्या टेबलावर जेवणारा.

“मुलीचा बाप कोण?”

“हिलियर्ड, साहेब.”

“कुठे आहे?”

“विकला, साहेब. अलाबामाला.”

“लग्न झालं होतं?”

“आमची लग्नं तेव्हा कोण लावून देत होतं, साहेब?”

“म्हणजे कायद्याने बाप नाही. बाप नाही ते मूल अनाथ.”

“पण मी तिची आई, साहेब. मी इथे जिवंत उभी आहे.”

“ते दिसतंय मला,” न्यायाधीश म्हणाला आणि त्याने पुढच्याला बोलावले.

आयसम दाराशी उभा होता. टोपी हातात फिरवत खाली बघत होता. तो एक शब्द बोलला नाही. परतीच्या वाटेवर झिल्फाही बोलली नाही, आणि त्या न बोलण्यातले काहीतरी नंतर त्यांच्या घरातच राहून गेले. टेम्पी नदीच्या वरच्या अंगाला, मोठ्या घरात होती. आईने तिथे पाऊल टाकायचे नाही असा हुकूम होता. झिल्फा कधीमधी कुंपणापलीकडून बघून येई. मुलगी हार्डिसनच्या नातवाला कडेवर घेऊन अंगणात फिरत असे. दर खेपेला थोडी उंच झालेली, आणि दर खेपेला थोडी हळू चालणारी.

आता नव्या कायद्याने न्यायाधीशाची ती खुर्ची मतांनी भरायची होती. खोगिरे शिवणारा एक गरीब गोरा, व्हीडबी नावाचा, उभा होता. युद्धात मळेवाल्यांसाठी लढायचे नाही म्हणून दलदलीत लपून राहिलेला माणूस. तो किनाऱ्यावरच्या मजुरांच्या चर्चमध्ये येऊन सांगून गेला होता की ज्या मुलाची आई जिवंत आहे ते मूल माझ्या सहीने कुणाला बांधून दिले जाणार नाही.

“बोलतात सगळे,” त्या रात्री आयसम म्हणाला होता.

यावर फेरिबी मावशीनेच त्याला गाठले होते. “बोलू दे की. आधीचा तर आपल्याशी खोटं बोलायचीसुद्धा तसदी घेत नव्हता. हा निदान खोटं बोलायला आपल्या दारात आला. का आला? खुर्चीवर चढायला त्याला आपला खांदा लागतो म्हणून. आणि खांदा काढून घेतला की माणूस तोंडावर आपटतो, हे खोगीरवाल्याला चांगलं कळतं.”

मंगळवार गेला. बुधवार गेला. दुसऱ्या किनाऱ्यांवरचे लोक घोळक्याने गावाकडे गेल्याच्या बातम्या आल्या. हार्डिसनच्या किनाऱ्यावरून कुणी हलले नाही. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

बुधवारी संध्याकाळी झिल्फाने मक्याची भाकरी आणि भाजलेली हेरिंग आयसमपुढे ठेवली आणि स्वतः उभीच राहिली.

“जेवत नाहीस?”

“उद्याचा एक दिवस राहिला.”

आयसमने काटे बाजूला काढले. “माहीत आहे.”

“मला जाता आलं असतं तर सोमवारीच जाऊन कचेरीच्या पायरीवर बसले असते. बायकांना देत नाहीत. या घरात एकच मत आहे आणि ते तुझ्या खिशात आहे. पण ते तुझं एकट्याचं नाही, आयसम. अर्धं माझं आहे आणि अर्धं टेम्पीचं.”

“मग मला काय उरलं?”

“चालायचं तेवढं तुझ्या वाट्याला.”

त्याला हसू आले, पण ते टिकले नाही. “हे बघ, झिल्फा. उद्या गेलो की हे छप्पर गेलं, काम गेलं. मग तो व्हीडबी निवडून आला, समज. तो विचारणार, पोर ठेवणार कुठे? खाऊ काय घालणार? रस्त्यावर बसलेल्या आईबापाला कोर्ट पोर देतं होय?”

“आणि नाही गेलास तर? तोच म्हातारा, तीच खुर्ची. ती एकवीस वर्षांची होईस्तोवर मी कुंपणाबाहेर उभी राहू?”

“एकदा बोललो होतो मी,” आयसम हळूच म्हणाला. “त्याचं काय झालं ते तुला ठाऊक नाही.”

तिने विचारायला हवे होते. पण दीड वर्ष घशाशी साचलेले त्याच क्षणी बाहेर आले. “तू कचेरीतही गप्प राहिलास, आताही गप्प राहशील. तुझ्या रक्ताची असती तर राहिला असतास?”

आयसमने ताटली खाली ठेवली. भाकरी अर्धी तशीच होती. तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला, आणि झिल्फाने दार लावून घेतले नाही, पण त्याला आतही बोलावले नाही.

गुरुवारी सकाळी रापण लवकर आली. ढीग उतरला, सुऱ्या चालू लागल्या. छपरातून मोगरीचा आवाज येत होता, रोजच्यापेक्षा भरभर. झिल्फाने तिकडे बघायचे नाही असे ठरवले होते. ऊन वर आले, आणि एकाएकी आवाज थांबला.

तिने मान वर केली. आयसम छपरातून बाहेर आला होता. अंगात रविवारचा कोट होता. तो मागच्या पायवाटेने गेला असता तर कुणाला दिसलाही नसता. पण तो सरळ वाळू तुडवत हार्डिसनच्या घोड्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. दोघे काहीतरी बोलले. मग आयसमने टोपी हार्डिसनच्या समोरच पुन्हा डोक्यावर घातली आणि गावाच्या रस्त्याला लागला.

किनाऱ्यावर क्षणभर फक्त खेचरांच्या गळ्यातल्या साखळ्यांचा आवाज येत राहिला. मग फेरिबी मावशीच्या धाकट्या पोराने हातातला दोर सोडला. पाठोपाठ थोरल्याने. मग आणखी काही जणांनी. सगळ्यांनी नाही. काही जण मान खाली घालून दोर तसाच ओढत राहिले, आणि नंतरही त्यांना कुणी नावे ठेवली नाहीत.

झिल्फाने सुरी टेबलावर ठेवली.

“तू कुठे निघालीस?” मावशी म्हणाली. “तुला मत देत नाहीत.”

“बघायला तर देतात?”

“थांब मग,” मावशीने हात ॲप्रनला पुसले. “माझे डोळे अधू आहेत. मला जवळून बघावं लागेल.”

वाटेत झिल्फाने आयसमला गाठले.

“काय म्हणालास त्याला?”

“म्हटलं, आजच्या मासळीपुरती पिंपं करून ठेवलीत, कड्या पक्क्या आहेत. आणि मी गावाला निघालोय.”

“मग?”

“म्हणाला, आयसम, मी तुला शहाणा माणूस समजत होतो. मी म्हटलं, मीही समजत होतो, साहेब.”

कचेरीच्या ओसरीवर टेबल होते, टेबलावर पेटी, बाजूला दोन सरकारी शिपाई उन्हाने पेंगलेले. पायरीच्या कठड्याला टेकून हार्डिसनचा जावई उभा होता. प्रत्येकाच्या हातातली छापील चिठ्ठी कुठल्या पक्षाची आहे ते तो मान वाकडी करून बघत होता, लपवून नाही, उघड. बायका रस्त्यापलीकडच्या ओकच्या झाडाखाली थांबल्या. झिल्फाला वाटले होते काहीतरी मोठे घडेल. आयसम पायऱ्या चढला, टेबलाशी वाकला, हात पेटीकडे गेला आणि परत आला. माशी हाकलायला याहून जास्त वेळ लागतो.

तो खाली आला तेव्हा घामाने निथळत होता.

“झालं?”

“झालं. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने नाव विचारलं. आयसम रिडिक म्हटलं. पूर्ण.”

“आणि काय म्हणाला तो?”

“म्हणाला, पुढचा.”

झिल्फाला कचेरीतला तो म्हातारा आठवला. तोही असेच म्हणाला होता. पण या वेळी त्या शब्दाने कुणाला बाजूला सारले नव्हते. आयसमचे काम खरोखरच झाले होते, म्हणून पुढचा. तिने त्याचा कोट झटकला.

परतताना मावशी आणि तिची पोरे तिच्या भावाकडे वळली. त्याची दलदलीच्या काठाला स्वतःची जमीन होती. “सामान घेऊन सरळ तिकडेच या,” ती म्हणाली. आयसम आणि झिल्फा ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी आले तेव्हा ऊन अजून होते. पुलावर चार गोरे बसले होते. चौघेही ओळखीचे. त्यांतल्या एकाच्या गाडीवर आयसमने गेल्याच आठवड्यात पिंपे चढवून दिली होती.

“कोणत्या हाताने टाकलंस रे?” त्याने विचारले.

आयसमने आधी झिल्फाकडे पाहिले, मग त्या माणसाकडे. “उजव्या.”

झिल्फाला दोघांनी धरले. दोघांनी आयसमचा हात पुलाच्या कठड्यावर दाबून ठेवला आणि त्यावर कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने घाव घातला, एकदा, आणि पुन्हा. आयसम ओरडला नाही. ओरडली ती झिल्फा, आणि ओढ्याच्या काठाचे बगळे उडाले. काम आटोपून चौघे उठले, तेव्हा गाडीवाला म्हणाला, “घरी जा,” जणू उशीर झाल्याबद्दल लहान मुलांना सांगावे तसे.

घर नव्हते. सामान वाळूत काढून टाकलेले होते. तवा, दोन गोधड्या, टेम्पीचा एक जुना झगा. झिल्फाने ते सगळे एका गोधडीत बांधले.

फेरिबी मावशीने हाताला कामट्या बांधल्या, रानातल्या योपान झुडपाच्या पानांचा काढा पाजला, आणि जे येत होते ते सगळे केले. पण हाड जुळले ते वेडेवाकडे. तीन बोटे मिटेनात. लाकूड तासायचा वाकस धरणे तर दूरच, त्या हाताने दाराची खिट्टी सरकत नव्हती. आयसमसारखा पिंपकार नदीच्या दोन्ही काठांवर नव्हता, असे लोक आता म्हणू लागले. माणूस मेल्यावर म्हणतात तसे.

झिल्फा परक्यांच्या शेतांत मजुरीला जाऊ लागली. आयसम डाव्या हाताने लाकूड तासायला बसे. लाकूड निसटे, तो उचलून आणे. तिला ते बघवत नसे. आपण त्या रात्री बोललो नसतो तर, हा विचार तिच्या उशाशीच राहायला आला होता. माफी मागावी असे ती रोज ठरवी आणि रोज मजुरीला निघून जाई.

एका दुपारी त्यानेच विषय काढला.

“तू त्या रात्री रक्ताचं बोललीस.”

“सोड ना आयसम. मी तेव्हा—”

“सोडत नाही. माझी रक्ताची पोर होती एक. तुला कधी सांगितलं नाही. धन्याने तिला विकायला काढली तेव्हा मी त्याच्या ओसरीवर जाऊन बोललो. नीट, हात जोडून बोललो. पोर तर गेलीच. मी बोललो म्हणून त्याने तिच्या आईलाही पाठवली, दुसऱ्या गाडीने, दुसऱ्या दिशेला. मला मात्र ठेवून घेतलं. मला पिंपं येत होती ना.”

झिल्फाच्या हातातले घमेले तसेच राहिले.

“कचेरीत माझी जीभ टाळ्याला चिकटली, ती माझ्या भीतीने नाही. वाटलं, मी तोंड उघडलं की टेम्पीला आणखी लांब नेतील. माझ्या बोलण्याला तसंच फळ येतं, असं धरून चाललो होतो मी.” तो वेड्यावाकड्या बोटांकडे बघत राहिला. “मत द्यायला बोलावं लागत नाही, हे एक बरं आहे.”

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. माफीचा शब्द तिने त्या दिवशीही उच्चारला नाही. लाकूड मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरले, आणि त्याने डाव्या हाताने ते तासले.

व्हीडबी निवडून आला. उन्हाळ्यात खुर्चीवर बसला. पण दोनदा त्याने झिल्फाची तारीख पुढे ढकलली, कारण हार्डिसनचा वकील मोठा होता आणि व्हीडबी खोगिरे शिवणारा. “काय म्हटलं होतं मी?” आयसम म्हणाला. फेरिबी मावशीने मग चर्चमधल्या सगळ्यांना कचेरीत जाऊन मागच्या भिंतीशी उभे राहायला सांगितले. बोलायचे काही नाही. फक्त उभे राहायचे, म्हणजे त्याला खांदे दिसतील.

तिसऱ्या तारखेला भिंत भरून गेली होती.

“मुलीचा बाप कोण?” वकिलाने विचारले.

झिल्फाने तोंड उघडण्याआधी आयसम उठला. “मी.”

“रक्ताचा?”

“नाही, साहेब. हिच्याशी लग्न लावलं तेव्हा पोर दहा वर्षांची होती. गोवर आला तेव्हा उशाशी मी बसलो. नेली तेव्हा शोधायला मी गेलो. बापाला आणखी काय करावं लागतं ते मला माहीत नाही. तुम्ही सांगा, तेही करीन.”

वकील हसला. “आणि हा तिला पोसणार कशाने? याचा हात बघा. हा मनुष्य कामाचा राहिलेला नाही.”

“बघा, साहेब,” आयसमने हात वर धरला. आधी व्हीडबीकडे, मग वळून खोलीभर. “सगळ्यांनीच बघा.”

व्हीडबीने त्या हाताकडे पाहिले, मग मागच्या भिंतीकडे, मग खिडकीबाहेर. त्याला हाताची दया आली की पुढची निवडणूक आठवली, देव जाणे. मानेवरचा घाम पुसत तो म्हणाला, “आई जिवंत आहे, बाप उभा आहे. मुलगी अनाथ नाही. तिला घरी पाठवा.”

“मनापासून दिली की भीतीने, मला काय करायचंय?” बाहेर आल्यावर मावशी म्हणाली. “दिली ना!”

कचेरीचा शिपाई बरोबर घेऊन दोघे मोठ्या घराशी गेले. हार्डिसन बाहेर आला नाही. त्याची बायको आली, आणि मागून टेम्पी, कडेवर मूल घेऊन. ती आता आईच्या खांद्यापर्यंत आली होती. शिपायाने हुकूम वाचून दाखवला. टेम्पीने मुलाचे नाक पुसले, त्याला बाईच्या हातात दिले. मूल रडू लागले, तशी ती पुन्हा वळली, पण बाईने दार लावले होते.

झिल्फाने तिला छातीशी धरले. मुलगी तिला धरू देत नुसती उभी राहिली. “येस, मॅम,” ती म्हणाली. आईला.

ते नदीकाठच्या रस्त्याने निघाले. टेम्पी मागून चालत होती, थोडे अंतर ठेवून. झिल्फा हळू झाली तशी तीही हळू झाली. झिल्फा थांबली, तीही थांबली, हात पुढे जुळवून, खाली बघत. मोठ्या घरात मालकिणीच्या मागे चालायची रीत ती. ‘पुढे ये’ म्हटले तर तोही हुकूमच होणार. ती तशीच चालत राहिली आणि पाठीवर मुलीच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली.

मग आयसम एकाएकी कण्हला. “बुटात खडा गेला वाटतं,” असे पुटपुटत तो रस्त्याच्या कडेला गवतात बसला आणि डाव्या हाताने नाडी सोडू लागला. गाठ सुटेना. टेम्पी काही वेळ बघत राहिली. मग जवळ आली, गुडघ्यांवर बसली, तिने त्याचा उजवा हात पाहिला आणि गाठ सोडली. मोलकरीण म्हणून बसली की लेक म्हणून, हे झिल्फाला तिथून ओळखता आले नाही.

टेम्पीने बूट काढून उलटा केला. झटकला. पुन्हा झटकला. आत हात घालून चाचपून पाहिले. खडा कुठेच नव्हता.

तिने मान वर करून आयसमकडे पाहिले. तो नदीकडे बघत होता, अगदी लक्ष देऊन, जणू तिथे काही मोठे चालले होते. टेम्पीने बूट त्याच्या पायात चढवला, नाडी बांधली. पण उठली नाही. झगा सावरून ती त्याच्या शेजारी गवतात बसली आणि तीही नदीकडे बघू लागली.

झिल्फा चार पावले मागे आली आणि त्यांच्याजवळ, रस्त्याच्या धुळीतच, खाली बसली.